खड्ड्याचा धनी

आमच्या वाडवडिलांनी मागे ठेवलेल्या जमिनीचे दोन तुकडे आहेत. एक नाल्याकाठचा, काळ्या मातीचा. त्यात कापूस आणि तूर पिकते, आणि त्याच्याच आधारावर घरातील शिक्षणे, लग्ने व आजारपणे आजवर निभावली. दुसरा तुकडा बरडाचा. तेथे चार बोटे मातीखाली तांबूस मुरूम लागतो, आणि त्या मुरमाने पिढ्यान्‌पिढ्या आमच्या नांगराचा फाळ बोथट करण्यापलीकडे काही केलेले नव्हते. वाटणीच्या वेळी हा तुकडा कोणी मागून घेतला नाही. तो आमच्याकडे उरला, असेच म्हटले पाहिजे. पुढे याच तुकड्याने आम्हांस थोडा पैसा दिला, एक जाडजूड फाइल दिली, आणि जन्मभर पुरेल अशी एक लाजही दिली. या तिहींचा हिशेब वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा बरड यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात आहे. तालुका जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला पडतो. दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. वणीहून आदिलाबादेकडे जाणारी आगगाडी मुकुटबनावरून जाते, आणि ज्यांस या भागाचे नाव ठाऊक असते त्यांस ते बहुधा या स्थानकामुळे किंवा तेथील सिमेंटच्या कारखान्यामुळे ठाऊक असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे जे थर पसरले, त्यांचा काळा पाषाण पश्चिमेकडून येत येत या बाजूस विरळ होतो आणि त्याच्या खालचा, त्याहून कितीतरी प्राचीन असा चुनखडीचा दगड उघडा पडू लागतो. सिमेंटचा कारखाना त्या चुनखडीवर उभा आहे. आमचा बरड मात्र अजून काळ्या पाषाणाच्या राज्यात आहे. या दशकाच्या आरंभी शिबला-पार्डीच्या शिवारात रस्त्याचे काम चालू असता त्या पाषाणाचे खांबासारखे उभे, पैलूदार दगड जमिनीतून निघाले, तेव्हा ते कोणी कोरलेले असावेत अशा समजुतीने पाहावयास माणसे जमली होती. वस्तुतः लाव्हारस थंड होताना आकसतो व तडकतो, त्याचेच ते शिल्प होते.

हाच पाषाण ऊनपावसाने जीर्ण झाला की त्याचा मुरूम होतो, आणि मुरूम आणखी जीर्ण झाला की त्याची काळी माती होते. म्हणजे आमचे दोन्ही तुकडे एकाच बापाची लेकरे होत; एक पुरते वयात आलेले, दुसरे वाटेत थांबलेले. आणि गंमत अशी की, या दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही. काळ्या मातीत उन्हाळ्यात हात शिरेल एवढ्या भेगा पडतात, आणि आषाढात तीच माती गाडीच्या चाकाला अशी चिकटते की चाक चाक राहत नाही, मातीचा गोळा होतो. शेतात जाण्याच्या वाटेला आमच्याकडे पांधण म्हणतात. पांधणीवर मुरूम पडला नसेल तर पावसाळ्याचे चार महिने शेत असून नसल्यासारखे होते. खताची पोती डोक्यावरून न्यावी लागतात, आजारी माणसास बाजेवर घालून सडकेपर्यंत आणावे लागते, आणि मुलांची शाळा पावसाच्या मर्जीवर चालते. शहरातील वाचकांस मुरूम ही बांधकामाच्या जागी पडलेली एक रास वाटत असेल. आमच्याकडे तो चिखल आणि जग यांच्यामधला पूल आहे.

हा पूल पूर्वी गाव आपला आपणच बांधीत असे. आमचे वडील सांगत की, गावच्या शिवेवर एक जुनी खदान होती. पोळ्यापूर्वी अंगण भरावयाचे असो, नव्या गोठ्याचे जोते घालावयाचे असो, ज्याला गरज असेल त्याने बैलगाडी घेऊन जावे, कुदळीने खणावे व भरून आणावे. विचारावयाचे कोणाला, हा प्रश्नच नव्हता. विदर्भात या व्यवहाराला एक अर्थपूर्ण शब्द आहे. तो म्हणजे निस्तार. गावाच्या नित्याच्या गरजा ज्यातून निस्तरतात तो निस्तार. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने विदर्भाकरिता ही रीत कलमांत बसवून ठेवली आहे. जिल्हाधिकाऱ्याने गावोगावचे निस्तारपत्रक करावे आणि पडीक सरकारी जमिनीतून गावकऱ्यांस सरपण, चराई, तसेच मुरूम, कंकर, वाळू, माती व दगड कोणत्या अटींवर घेता येतील ते त्यात लिहावे, असे ती सांगते. सरपणाच्या आणि चराईच्या पंक्तीला मुरूम बसविणाऱ्या त्या कायदाकर्त्यास खेडे ठाऊक होते, असे आम्हांस ते कलम वाचताना वाटते.

परंतु याच संहितेत, निस्ताराच्या पुष्कळ अलीकडे, अठ्ठेचाळिसावे कलम आहे. जमीन कोणाचीही असो, तिच्यातील खनिजांवर हक्क राज्य सरकारचा, असा त्याचा आशय. ‘खनिज’ म्हटले की आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे वणीचा कोळसा किंवा कोलारचे सोने उभे राहते. पण १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाने इमारतीचा दगड, खडी-गोटे, साधी वाळू आणि साधी चिकणमाती यांनाही ‘गौण खनिज’ म्हणून त्या पंक्तीत घेतले आणि त्यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांस दिला. विदर्भाकरिता असे नियम १९६६ साली निराळे झाले. २०१३ साली साऱ्या महाराष्ट्राकरिता एकच नियमावली आली. केरळातील काही जुन्या जमीनदारांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०१३ रोजी असे म्हटले होते की, कायद्याने काढून घेतला नसेल तर भूगर्भाचा हक्क सामान्यतः जमिनीच्या मालकाचाच. आपल्याकडे तो कायद्याने घेतलेला आहे. तेव्हा ज्या बरडावर आमचे आजोबा फाळ बोथट करून घेत राहिले, त्याची चार बोटे माती आमची, आणि ज्याने फाळ बोथट केला तो मुरूम सरकारचा. हे कळले तेव्हा आमची मनःस्थिती काहीशी भाडेकरूसारखी झाली, हे कबूल करतो.

आम्ही या उद्योगात शिरलो ते पांधणीच्या निमित्ताने. शेतरस्त्यांच्या सरकारी योजनेतून आमच्या शिवारातील पांधण मंजूर झाली आणि जवळपास मुरूम कोठे मिळेल याची चौकशी सुरू झाली. आमचा बरड पांधणीपासून हाकेच्या अंतरावर. लोक म्हणाले, दुरून मुरूम आणावयाचा तर निम्मा पैसा डिझेलात जाईल. तुम्हीच खदान उघडा. आम्हांसही त्यात दोन पैसे दिसले, आणि वर परोपकाराचे समाधान दिसले. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे माणसाने सावध व्हावे, एवढे शहाणपण त्या वेळी आमच्यापाशी नव्हते.

परवाना विनासायास मिळाला, असे म्हणणार नाही. पण त्याविषयी आमची तक्रारही नाही. सातबारा, नकाशा, जागेची पाहणी, मोजणी, रकमेचा भरणा, असा तो क्रम ठरलेला आहे. आमचे गाव अनुसूचित क्षेत्रातील असल्यामुळे प्रकरण ग्रामसभेपुढेही गेले. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावी, असे १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने घालून दिले आहे. पांधण सर्वांनाच हवी होती, त्यामुळे विरोध होण्याचे कारण नव्हते. हात वर होऊ लागले, इतक्यात मागल्या रांगेतून एका वृद्ध कोलाम शेतकऱ्याने विचारले, “खड्डा केवढा होईन?”

हे बाबा आमच्या बरडाला लागून असलेल्या पोडावर राहतात. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींस सरकारने विशेष दुर्बल मानले आहे त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम येतात. बाबांचा प्रश्न ऐकून सभेत थोडे हसू झाले. मुरमाची चर्चा चालली असता हा खड्ड्याचे काय विचारतो, असा त्या हसण्याचा भाव होता. आम्ही हसलो नाही. परंतु आम्ही जे उत्तर दिले ते हसण्याहून बरे होते असे आज वाटत नाही. आम्ही म्हणालो, “बाबा, काळजी करू नका. पावसाळ्यापूर्वी सारखा करून टाकू.” ठराव झाला. ठरावात मुरमाचे परिमाण लिहिले गेले. बाबांचा प्रश्न आणि आमचे उत्तर यांपैकी काहीच लिहिले गेले नाही.

परिमाण होते दोनशे ब्रासचे. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मेट्रिक मापात २.८३ घनमीटर, साधारणतः एका ट्रॉलीत मावेल एवढा माल. सरकारला द्यावयाच्या रकमेस स्वामित्वधन म्हणतात. १ जुलै २०२१ पासून त्याचा दर ब्रासला ४०० रुपयांवरून ६०० झाला होता. म्हणजे दोनशे ब्रासचे १,२०,००० रुपये, आणि त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकरिता शेकडा दहा, म्हणजे आणखी १२,०००. ही रक्कम भरली की मग प्रत्येक ट्रॉलीस ‘महाखनिज’ या संगणकीय प्रणालीवरून वाहतुकीचा परवाना काढावयाचा. त्यावर वाहनाचा क्रमांक, माल, ठिकाण आणि वेळ. विनापरवाना मुरूम उचलला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि ट्रॅक्टर जप्त होतो तो निराळाच.

मार्च २०२३ मध्ये यंत्र आले. दहा-वीस माणसांनी कुदळ-घमेल्यांनी जे काम महिनाभर केले असते, ते त्या एका पंजाने आठ दिवसांत उरकले. आमच्या बरडावर भ्रमणध्वनीला रेंज मिळत नाही. त्यामुळे आमचा पुतण्या दिवसभर धुऱ्यावरच्या पळसाखाली उभा राहून परवाने काढी आणि तेथूनच हात हलवून ट्रॉली सोडण्याची खूण करी. सूर्यास्तानंतर काम बंद. आणखी एक गोष्ट आम्ही तेथे शिकलो. खणलेला मुरूम फुगतो. जमिनीत जो शंभर घनफूट असतो तो ट्रॉलीत त्याहून अधिक भरतो. खड्डा मोजला तर एक आकडा येतो, ट्रॉल्या मोजल्या तर दुसरा. यावरून पुष्कळांचे तंटे होतात, असे ऐकून आम्ही पहिल्या दिवसापासून दोन्ही मापे वहीत टिपून ठेवली आणि परवान्यापेक्षा एक घमेलेही अधिक उचलू दिले नाही. काम संपले त्या दिवशी आमची फाइल कोणापुढेही उघडावी अशी होती. चलने, परवाने, मोजणीचा कागद, सारे क्रमाने लावलेले. आमच्या प्रामाणिकपणाची ती जणू पोथीच झाली होती, आणि आम्ही ती अधूनमधून कौतुकाने चाळीतही असू.

एवढे मात्र खरे की, फाइलीत एक अट अशीही होती, जी पुरी केल्याचा कागद तीत नव्हता. खड्डा सुरक्षित करून सोडावा, ही ती अट. चाळीस फूट रुंद, पन्नास फूट लांब आणि दहा फूट खोल असा तो खड्डा. यंत्राने कापल्यामुळे त्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या. वरची माती आम्ही एका बाजूस रचून ठेविली होती. यंत्र जावयाच्या घाईत होते, त्याला दुसरीकडचे काम होते. आम्ही म्हटले, पुन्हा आले की करू. मग कापसाची विक्री आली, मग घरी एक लग्न निघाले, मग पेरणीची लगबग. पांधण मात्र अप्रतिम झाली होती. जो तो आमचे नाव घेई, आणि नाव घेतले जात असताना खड्ड्याची आठवण कोणास होते?

त्या वर्षी जुलैत यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यात पुराने वेढलेल्या लोकांच्या सुटकेकरिता हेलिकॉप्टर पाठविण्याची पाळी आली, हे वाचकांस वृत्तपत्रांतून स्मरत असेल. आमच्याकडे पूर नव्हता. नुसता पाऊस होता, अखंड. खड्डा काठोकाठ भरला आणि त्याचे गढूळ पाणी सभोवारच्या चिखलाशी असे एकरूप झाले की, कोठे जमीन संपते ते ओळखू येईना. पोडावरील ढोरे त्या बाजूने चरावयास जात. त्यांतला बाबांचा एक बैल कडेच्या गवताकडे वळला, कड ढासळली आणि तो आत गेला. उथळ तळे असते तर तो पोहत बाहेर आला असता. परंतु चारी बाजूंनी उभी भिंत. पाय टेकावयास जागा नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा दहा-बारा माणसे दोरखंड घेऊन भिजत उभी होती आणि काम संपलेले होते.

बैल गेला म्हणजे काय गेले, हे कोरडवाहू शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. इतरांस सांगून कळत नाही. जोडीतला एक गेला की दुसरा अर्धा होतो. डवरणीच्या दिवसांत जोडी मोडणे म्हणजे त्या हंगामाचे पीक तणाच्या स्वाधीन करणे. आम्ही दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन पोडावर गेलो. वाटेत पुष्कळ वाक्ये जुळविली होती. अतिवृष्टी दैवी होती, ढोर राखणारा पोरगा बेसावध होता, परवाना तर आमच्याजवळ रीतसर होता, अशी ती वाक्ये. बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी आम्हांस बसावयास घोंगडे दिले. पैसे पाहून म्हणाले, “द्याल तं घेईन, नाही म्हनत नाही. बैल गेला तं गेला. पन मालक, तो खड्डा तसाच राहीन का? पोट्टे त्याच वाटेनं शाळेत जाते.”

त्याच वाटेने, म्हणजे आमच्या मुरमाने बांधलेल्या पांधणीवरून. वाट चांगली झाली म्हणूनच मुले त्या बाजूने जाऊ लागली होती. एरव्ही ती पावसाळ्यात घरीच राहत. आम्ही मुलांकरिता वाट केली आणि वाटेच्या काठी विहीर उघडी ठेवली. जुळविलेल्या वाक्यांतील एकही वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही. त्याच दिवशी दोन गडी लावून बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण खड्ड्याभोवती घातले. संध्याकाळपर्यंत ते पुरे झाले. दोन माणसांची एका दिवसाची मजुरी, एवढाच काय तो खर्च. तो चार महिने आधी झाला असता तर, हा विचार आम्ही इतक्या वेळा केला आहे की, आता तो विचार राहिला नाही, सवय झाली आहे.

पाऊस उघडल्यावर खड्डा बुजविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा आम्हांस कायद्याचा आणखी एक धडा मिळाला. खड्डा बुजवावयाचा तर माती पाहिजे. ती दुसरीकडून आणावयाची तर तेथे दुसरा खड्डा होणार. शिवाय भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी मातीदेखील केंद्र सरकारने ३ फेब्रुवारी २००० रोजी गौण खनिज म्हणून जाहीर केलेली आहे. तिलाही परवाना आणि स्वामित्वधन. आपल्याच आवारात पाया खणून निघालेली माती त्याच जागी वापरली तर काय, हा प्रश्न पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, आणि ३ डिसेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने, मातीचा वापर प्रत्यक्षात कशाकरिता झाला ते पाहूनच ठरवावे, सरसकट दंड करू नये, असे म्हटले. आम्ही म्हणूनच बाहेरची माती आणली नाही. रचून ठेवलेली वरची माती आत लोटली. उभ्या कडा कापून त्यांचा मुरूम तळाशी पसरला. तीन बाजूंना बेताचा उतार दिला, आणि चौथ्या बाजूस एक फूट खोलीस तीन फूट, असा लांब सोपा उतार केला, की ढोराने सरळ पाण्यापर्यंत जावे आणि सरळ परत यावे. पुरता बुजला नाही तो नाहीच. पण खड्ड्याचे उथळ तळे झाले. त्यात, बाबांना दिलेली रक्कम धरून, दोनशे ब्रासच्या नफ्यातील निम्म्याहून अधिक भाग गेला. म्हणजे तो नफा मुळात तेवढा नव्हताच. आम्ही खर्चाची एक बाब लपवून तो मोजीत होतो, आणि ती बाब दुसऱ्याच्या गोठ्यातून वसूल झाली.

तेव्हापासून आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो, आणि आमची लहानशी गोष्ट मोठ्या गोष्टीचा तुकडा आहे असे दिसू लागले. १९५२ च्या खाण कायद्यातून मुरूम, वाळू, दगड यांच्या लहान खदानी बहुतांशी वगळल्या होत्या. खोली कोठेही सहा मीटरांहून अधिक नसावी, एका दिवशी पन्नासांहून अधिक माणसे नसावीत आणि स्फोटके वापरू नयेत, एवढ्या अटी. लहानावर विश्वास टाकावा, असा त्यातला सद्‌हेतू. आमच्या खड्ड्याची खोली या मर्यादेच्या साधारण निम्मी होती, आणि तेवढी एका बैलास पुरली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी हरियाणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पाच हेक्टरांखालील गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी हवी. कारण लहान लहान तुकडे पाडून मोठे उत्खनन लपविता येते. पुढे २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेने रस्ते, नळवाहिन्या यांसारख्या कामांसाठी लागणाऱ्या साध्या मातीस या मंजुरीतून सूट दिली गेली. ती सूट किती मातीला, किती जागेतून, याला काही सीमाच नाही, आणि लोकांच्या हरकतीही मागविल्या नाहीत, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ती रद्द केली. आमच्या बैलाच्या घटनेला तेव्हा आठ महिने झाले होते. निकालाची बातमी वाचताना आम्हांस मागल्या रांगेतील तो प्रश्न आठवला. न्यायालयाने इंग्रजीत आणि पुष्कळ पृष्ठांत जे विचारले, ते बाबांनी तीन शब्दांत विचारले होते.

त्याच वर्षी, २५ जुलै २०२४ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरविले की, स्वामित्वधन हा कर नव्हे. खनिज काढण्याच्या हक्काबद्दल मालकास दिलेला तो मोबदला होय. हे तत्त्व आम्हांस पूर्णपणे पटते. मुरूम सरकारचा, त्याने त्याची किंमत घेतली, आणि आम्ही ती पैन्‌पै दिली. परंतु मुरूम गेल्यावर मागे जे राहते त्याचा मालक कोण? त्याचे स्वामित्व कोणी मागत नाही, त्याचा दर ठरलेला नाही, त्याला ब्रास नाही. जे खदानीतून बाहेर जाते ते ट्रॉलीगणिक, मिनिटागणिक मोजले जाते. जे आत उरते त्याच्यापुढे अटीची एक ओळ असते, आणि ती ओळ पाळणे खदानवाल्याच्या मनावर राहते. मोठ्या कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणींना खाण बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो, त्याकरिता हमीची रक्कम ठेवावी लागते. आमच्यासारख्याजवळ हमी म्हणून ग्रामसभेत उच्चारलेले एक वाक्य होते, आणि ते आम्ही मोडले.

याचा अर्थ मुरूम काढूच नये, असा आम्ही करीत नाही. पांधण नसलेल्या गावात चार पावसाळे काढल्याशिवाय तसे म्हणण्याचा कोणास अधिकार नाही. खणण्याच्या रीती मात्र निवडता येतात. बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांच्या कामाला लागणारी माती व मुरूम जुने तलाव आणि नाले खोल करून काढले गेले. रस्त्यालाही भराव मिळाला आणि गावालाही पाणी. तेथे खड्डा कोठे पाहिजे हे आधी ठरविले, आणि मग मुरूम उचलला. आमच्याकडे नेमके उलट झाले. शिवाय काळ्या पाषाणाच्या प्रदेशात पावसाचे पाणी जे थोडेफार साठते ते याच जीर्ण थरात. खालचा अभंग दगड पाणी घेत नाही. म्हणजे आम्ही दोनशे ब्रास मुरूम विकला तेव्हा भुईच्या पोटातील पाण्याची तेवढी कोठी विकली. उथळ केलेल्या तळ्यात आता पावसाचे पाणी थांबते. त्याने त्या कोठीची थोडी भरपाई होत असेल, अशी आम्ही आपली समजूत घालून घेतली आहे.

बाबांनी पुढल्या पेरणीपूर्वी दुसरा बैल घेतला. आता पोडावरची ढोरे सायंकाळी त्या उताराने तळ्यावर उतरतात. बाबा काठावर उभे असतात, आम्ही कधी तेथून गेलो तर पिकापाण्याचे बोलतात. बैलाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ती क्षमा आहे की उपेक्षा, हे आम्हांस कळत नाही, आणि विचारण्याचे धैर्य झाले नाही.

गेल्या हिवाळ्यात पोडापर्यंतच्या रस्त्याचे काम निघाले आणि मुरमाकरिता लोक पुन्हा आमच्याकडे आले. आम्ही दर सांगितला. त्यात खड्ड्याला उतार देण्याचा, कुंपणाचा व वरची माती परत पसरण्याचा खर्च धरला होता, आणि ही रक्कम पहिली ट्रॉली निघण्यापूर्वी वेगळी ठेवण्याची अट घातली होती. एक-दोघे म्हणाले, इतका महाग मुरूम कोण घेईल, आणि ते दुसरीकडे गेले. दुसरीकडे तो स्वस्त मिळतोही. उरलेल्यांनी घेण्याचे कबूल केले, कारण जागा जवळची होती. प्रकरण पुन्हा ग्रामसभेपुढे आले. हात वर होण्यापूर्वी मागल्या रांगेतून तोच प्रश्न आला, “खड्डा केवढा होईन?” या वेळी कोणी हसले नाही. आम्ही उभे राहून लांबी, रुंदी, खोली, उतार आणि काम पुरे करण्याची तारीख सांगितली, आणि ते सारे ठरावात लिहून घ्यावे अशी विनंती केली. लिहिणाऱ्याने प्रश्न कोणाचा म्हणून विचारले. बाबांचे नाव सांगितले गेले, आणि आमच्या नावाच्या वर ते लिहिले गेले.